छातीचा चौथा भाग वजा दीड

सकाळी ६.३०

रात्री भिजत घातलेलं कापड पिळून गॅलरीतल्या दोरीवर टाकलं. गडद निळं सुती केंब्रिक, त्यावर बारीक पांढरे ठिपके, पन्हा ४४ इंच, लांबी अडीच मीटर. पनवेलच्या बाजारातून आणलेलं. दुकानदाराने ते इचलकरंजीचं असल्याचं सांगितलं. १९०४ साली त्या गावात पहिला यंत्रमाग बसला, आणि साधं, टिकाऊ सुती कापड म्हटलं की अजूनही तिथलंच नाव निघतं.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि उभ्या धाग्यात जास्त आटतं. मागावर ताणा ओढून बसवलेला असतो. पाण्यात पडला की तो ताण सुटतो. कपडा शिवून झाल्यावर सुटला तर उंची जाते. त्याहून वाईट म्हणजे गळ्याची आतली पट्टी आणि वरचं कापड वेगवेगळं आखडतं आणि गळा कायमचा चुरगळतो. म्हणून पाण्यातून काढल्याशिवाय नवं सुती कापड मी कातरीखाली घेत नाही. दोरीवर टाकताना दोन्ही काठ जुळवून, कोपरे हाताने ओढून सरळ केले. ओलं असतानाच धागे काटकोनात बसवले की पुढे टेबलावर कापड हट्ट करत नाही.

उलव्यात जानेवारीची सकाळ गार असते, पण खाडी जवळ असल्यामुळे हवेत ओल राहतेच. कापड वाळायला साडेनऊ-दहा वाजणार. तोवरचा वेळ कागदाचा.

सकाळी ७.३०

मशीन पायाचं आहे, काळं, लोखंडी बैठकीचं. या खाऱ्या हवेत लोखंडाला लगेच तांब धरते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तेल देणं हा माझा नेम आहे. शटल काढून आत साठलेलं सुताचं पीठ ब्रशने झाडलं, तेलाचे थेंब सोडले, चिंधीवर दोन-चार लांब टिपा मारून जास्तीचं तेल उतरवलं. नवी १४ नंबरची सुई बसवली. बोथट सुईने केंब्रिकचा धागा ओढला जातो आणि टिपेच्या दोन्ही बाजूंना बारीक सुरकुत्या पडतात. लोक त्याला शिलाईचा दोष म्हणतात, पण असतो तो सुईचा.

वरचा धागा आणि खालच्या बॉबिनचा धागा एकमेकांत अडकवून टाका घालायचा, ही रीत आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंट घेतलं तेव्हाही होती आणि आजच्या मोटरवाल्या मशीनमध्येही तीच आहे. वीज गेली तरी हे मशीन थांबत नाही, एवढं कारण मला ते ठेवायला पुरेसं आहे.

सकाळी ८.१५

आता वही. उरणच्या एका आजींची आहे. त्यांची नात आमच्या सोसायटीत भाड्याने राहते. दिवाळीला घरी गेली तेव्हा ट्रंकेतून ही वही घेऊन आली आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "काकू, मला अस्साच हवाय. पण माझ्या मापाचा."

सत्तरच्या दशकातली शिवणवर्गाची वही आहे ती. डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर मापं आणि सूत्रं. मधूनमधून रंगीत कागदातून कापून चिकटवलेले चिमुकले कपडे: झबलं, पेटीकोट, योकचा फ्रॉक, अंब्रेला फ्रॉक, आणि शेवटाकडे हा 'साधा ए-लाइन'. बाह्या नाहीत, कॉलर नाही, कमरेला जोड नाही. गोल गळा, काखेखालून निघणारा एकेक टक्स, आणि तिथून खालपर्यंत सरळ रेषेत वाढत गेलेला घेर.

या आकाराला 'ए' हे नाव क्रिस्तियां दिओरने १९५५ च्या वसंत ऋतूतल्या आपल्या कपड्यांना दिलं. तीन वर्षांनी त्याच्याच पेढीत इव्ह सां लोरांने खांद्यापासूनच फुलणारा घेर आणला. त्याच दशकात मुंबईत कोल्हापूरची एक मुलगी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली, 'ईव्हज वीकली'सारख्या नियतकालिकांसाठी पोशाखांची चित्रं काढत होती. भानुमती राजोपाध्ये तिचं नाव. संपादिकेने कपड्यांचं दुकान काढलं आणि नुसती चित्रं न काढता कपडेही बेतून बघ, असं तिला सुचवलं. पुढे भानू अथैया या नावाने त्यांनी १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून चित्रपटांची वेशभूषा केली, 'वक्त'मध्ये साधनाला अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार दिला, आणि १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर घेतलं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. मला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोलाचा क्षण वाटतो तो चित्रावरून कपड्याकडे वळण्याचा. कागदावर रेषा काढणं आणि ती रेषा माणसाच्या अंगावर उभी करणं यांत मोठं अंतर आहे, आणि आजचा माझा सगळा दिवस त्याच अंतरात जाणार आहे.

पाश्चात्त्य घरांत हे अंतर पाकिटाने तोडलं. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली. जर्मनीत एने बुर्डा यांच्या मासिकात १९५२ पासून नमुन्यांचे मोठे कागद घडी घालून येऊ लागले. आपलं माप शोधायचं, रेषेवरून कापायचं, शिवायचं. आपल्याकडे बहुतेक बायकांनी हे पाकीट पाहिलंच नाही. इथे शिवण आली ती वर्गातून. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सुरू केलेल्या सेवासदनात बायका शिवणकाम शिकत होत्या. स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं ते साधन होतं. पुढे गावोगावी शिवणवर्ग निघाले आणि के. आर. झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकासारखी पुस्तकं घराघरांत पोचली. या सगळ्यांत शिकवली जायची ती रीत: माप घ्या, त्याचा अमुक भाग काढा, त्यात एवढं मिळवा किंवा वजा करा. पाकिटात उत्तर मिळतं. वहीत गणित मिळतं. म्हणूनच ५० वर्षांपूर्वीची ही वही आजच्या मुलीच्या कामाची आहे.

सकाळी ९.००

नातीने आधी विचारलं होतं, "हे पान झेरॉक्सवर मोठं करून मिळणार नाही का?"

मिळेल, पण अंगाला बसणार नाही. वहीतल्या आकृत्या पाव मापात आहेत, म्हणजे खऱ्या एका इंचाला वहीत पाव इंच. पेन्सिलीची रेघ एक सूत सरकली असेल, तर मोठं केल्यावर ती चार सूत, म्हणजे अर्धा इंच सरकते. मुंढ्यात अर्धा इंच म्हणजे हात वर होईल की नाही एवढा फरक.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वहीतलं उदाहरण ३२ छातीचं आहे आणि नातीची छाती ३६. सगळी आकृती त्या प्रमाणात वाढवली, तर १३॥ इंचांचे खांदे सव्वापंधरा होतात. तिचे खांदे प्रत्यक्षात १४॥. पाऊण इंच कापड दंडावर लोंबणार. मानेपासून कमरेपर्यंतची पाठ १४॥ ची १६ च्या वर जाते, तिची आहे १५. छाती वाढली म्हणून माणसाची हाडं त्याच हिशेबात लांबत नाहीत. हे वर्गातल्या बाईंना पक्कं ठाऊक होतं, म्हणून वहीत काही मापं छातीवरून काढलेली आहेत आणि काहींपुढे फक्त 'अंगावर घ्या' एवढंच लिहिलेलं आहे.

तिची मापं माझ्याजवळ आहेत: छाती ३६, कंबर ३०, नितंब ३९, खांदे १४॥, पाठ १५, पूर्ण उंची ३८. खाकी कागद टेबलावर पसरला, काठाशी काटकोनपट्टी लावली आणि वहीतलं सूत्र एकेक करून वाचायला घेतलं.

मुंढ्याची खोली: छातीचा चौथा भाग वजा दीड. नऊ वजा दीड, साडेसात. गळ्याची अर्धी रुंदी: छातीचा बारावा भाग, तीन. छातीची रेघ: चौथा भाग अधिक एक, म्हणजे दहा. हा अधिकचा एक इंच अंग आणि कापड यांच्यामधल्या हवेचा. चारही भागांचा मिळून चार इंच, आणि उलव्याच्या मे महिन्यात तेवढी हवा लागते. घेराची रेघ १४, म्हणजे सगळा घेर ५६ इंच. काखेतल्या दहापासून खालच्या चौदापर्यंत तिरकी रेघ ओढली. वाटेत नितंबाच्या उंचीवर ती बारा इंचांवर आली. तिथे गरज पावणेअकराची होती, म्हणजे कपडा कुठे अडकणार नाही.

तिरकी रेघ उभ्या रेघेपेक्षा लांब असते. तशीच ठेवली तर कपडा दोन्ही बाजूंना खाली ओघळतो. म्हणून कडेच्या शिवणीशी घेराची रेघ अर्धा इंच वर घेऊन मधल्या भागाला हलक्या बाकाने मिळवली. वहीत हा बाक दोनदा गिरवलेला आहे. बाई बहुधा त्यावरच थांबून बोलल्या असाव्यात.

एका आकड्याचं कारण मात्र सापडेना. उंचीपुढे लिहिलं होतं, 'अधिक पाऊण'. खालच्या दुमडीचे दोन इंच वेगळे धरलेले होते, मग हा पाऊण कशाचा? आजींनाच फोन लावला.

"अगं, तो आटण्याचा," त्या म्हणाल्या. "वर्गात कापड आधी कोण भिजवतंय? बाई सांगायच्या, धुण्यात जाईल तेवढं आधीच उंचीत धरून ठेवा. तू भिजवलंस ना? मग सोड तो पाऊण."

सोडला. कारण कळलं म्हणून सोडता आला. नुसता आकडा असता तर मी तो जपून तसाच पुढे नेला असता आणि कपडा गुडघ्याखाली विनाकारण लांब झाला असता. जुन्या नमुन्याशी इमान राखायचं म्हणजे त्यातल्या प्रत्येक आकड्याला कारण विचारायचं.

सकाळी ११.००

खऱ्या कापडाच्या आधी मांजरपाट. त्याला माया सैल सोडून, ड्राफ्टवरून पुढचा आणि मागचा भाग कापला, छातीची, कमरेची आणि नितंबाची रेघ पेन्सिलीने त्याच्यावर उमटवली, आणि सगळं लांब धावदोऱ्याने जोडलं. मशीनची टीप इथे उपयोगाची नाही. उसवायला वेळ लागतो आणि कापड ओढलं जातं. धावदोरा एका हिसक्यात निघतो.

माझ्याकडे येणारं बहुतेक काम दुरुस्तीचं असतं. खारकोपरपर्यंत लोकल २०१८ मध्ये आली. १२ जानेवारी २०२४ ला ती उरणपर्यंत गेली आणि त्याच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात विमानं उडू लागली. उलव्याची टेकडी आणि तिच्या आसपासची गावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा बदल केवढा आहे ते माहीत आहे. इमारती भरल्या, दूरदूरची माणसं राहायला आली, आणि त्यांच्यासोबत तयार कपडे आले. खांदा उतरतो, छातीशी बटणं ताणतात, उंची जास्त आहे, अशा तक्रारी घेऊन बायका येतात आणि आपल्याच अंगात काही खोट असल्यासारख्या संकोचून सांगतात. मी प्रत्येकीला सांगते: तो कपडा एका काल्पनिक बाईसाठी कापलेला आहे. तुमच्या अंगाचं माप कोणी घेतलंच नव्हतं.

दुपारी १२.००

आज शनिवार, त्यामुळे नात घरी होती. मांजरपाट अंगावर चढवून आरशासमोर उभी राहिली. ट्रायलच्या वेळी मी सुरुवातीला बोलत नाही. आधी पेन्सिलीच्या आडव्या रेघा बघते. रेघ जमिनीला समांतर असेल तर कपडा ठीक. जिथे ती वर किंवा खाली जाते, तिथे अंग काहीतरी सांगत असतं.

पहिली गोष्ट, टक्सचं टोक पाऊण इंच वर आलं होतं. जुन्या नमुन्यांत हे हमखास आढळतं, कारण त्या काळच्या आतल्या कपड्यांमुळे छातीचा उंचवटा वर आणि टोकदार धरला जायचा. टक्स पाऊण इंच खाली घेतला आणि त्याचं टोक उंचवट्याच्या एक इंच अलीकडे थांबवलं. टोक नेमकं उंचवट्यावर नेलं तर तिथे चोच उभी राहते.

दुसरी गोष्ट पाठीची. तिला म्हटलं, "सरळ उभी राहू नकोस, ऑफिसात बसतेस तशी बस." ती खुर्चीवर बसली, हात टाइप करण्याच्या जागी नेले, आणि मांजरपाट दोन्ही मुंढ्यांच्या मध्ये ताणला गेला. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांचे खांदे पुढे येतात आणि पाठ रुंदावते. वहीतल्या मुलीची पाठ अशी नव्हती. मागच्या भागाला मुंढ्याच्या मध्यावर दोन्हीकडे पाव-पाव इंच दिला. खांद्याची शिवण मागे सरकलेली दिसत होती, म्हणून बाहेरच्या टोकाशी मागच्या भागात पाव इंच चढवून पुढच्यातून तेवढाच काढला. शिवण आता खांद्याच्या माथ्यावर आली.

तिसरी गोष्ट पुढचा मुंढा. तो किंचित उघडत होता. बिनबाह्यांच्या कपड्यात हा दोष सगळ्यात जास्त दिसतो, आणि अनेक ठिकाणी तो काखेत दाबून झाकला जातो. दाबल्याने छाती आवळते. योग्य उपाय म्हणजे मुंढ्यात पाव इंचाची चिमट घेऊन तेवढं कापड टक्सकडे वळवायचं. कागदावर मुंढ्यापासून उंचवट्यापर्यंत आणि तिथून टक्सच्या टोकापर्यंत चीर दिली, वरचा भाग मिटवला, खालचा आपोआप उघडला. सव्वा इंचाचा टक्स दीड इंचाचा झाला आणि मुंढा अंगाशी शांत बसला. कापड कुठेच गेलं नाही, त्याने फक्त जागा बदलली. शिवणकामातलं मला सगळ्यात सुंदर वाटणारं काम हेच.

"काकू, खिसे होतील?" तिने विचारलं. "फोन ठेवायला."

वहीत खिसे नाहीत. पण कडेच्या शिवणीत, कमरेच्या तीन इंच खाली, हात सहज जाईल असे खिसे बसतात, आणि घेर वाढता असल्यामुळे बाहेरून फुगवटा दिसत नाही. होतील म्हटलं. ज्या गोष्टीची माणसाला रोज गरज पडते ती कपड्यात असलीच पाहिजे, मग नमुना कितीही जुना असो.

दुपारी १.३०

वरण-भात, मेथीची भाजी. जेवण झाल्यावर हात साबणाने दोनदा धुतले, कारण निळ्या कापडावर तेलाचं बोट लपतं आणि पांढऱ्या ठिपक्यावर नेमकं उठून दिसतं.

दुपारी २.००

कापणी. कापड इस्त्री करून टेबलावर आडवं टाकलं. आजींच्या वहीत 'अडीच वार' लिहिलं आहे, म्हणजे ९० इंच. आजच्या दुकानात ते सव्वादोन मीटर होतं. मी पाव मीटर आटण्यासाठी जास्त घेतलं होतं. त्या वेळचं कापड ३६ पन्ह्याचं धरलेलं आहे. दुहेरी घडीत १८ इंच मिळायचे आणि पंधरा-सोळा इंचांचा भाग त्यात जेमतेम मावायचा. आज ४४ पन्ह्यात घडी २२ ची होते. लांबी तेवढीच लागते, पण बाजूला सहा-सात इंचांची पट्टी उरते. त्या पट्टीतून गळ्याची आतली पट्टी, मुंढ्याच्या उरेब पट्ट्या आणि खिसे निघणार होते. पन्हा वाढल्याने मिळालेली जागा खिशांना गेली.

ठिपक्यांच्या कापडाला घडी घालताना सावकाश जावं लागतं. पुढच्या भागाची घडी ठिपक्यांच्या एका रांगेच्या बरोबर मधून घातली, म्हणजे गळ्यापासून खालपर्यंत ती रांग अंगाच्या मध्यावर राहील. छातीच्या उंचवट्यावर कुठला ठिपका येतो ते बघून नमुना अर्धा इंच वर सरकवला. कडेच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या ठिपक्यांच्या ओळी समोरासमोर येतील असे काखेचे बिंदू एकाच ओळीवर ठेवले. टक्सच्या वर मात्र ओळी तुटणारच. तिथे जुळवण्याचा अट्टहास केला तर टक्सचं माप बिघडतं, आणि ठिपक्यापेक्षा माप मोठं.

खडूने रेघा मारल्या. शिवणींना एक इंच माया, गळ्याला आणि मुंढ्याला पाव, खाली दीड इंच. वहीत खाली दोन इंच होते, पण बाकदार घेर रुंद दुमडला तर आत चुण्या पडतात. एक इंच मायेमागे आजींच्या पिढीचा विचार आहे: अंग वाढलं तर कपडा सोडता यावा. आजच्या तयार कपड्यात ही माया अर्ध्या इंचाहूनही कमी असते. त्यामुळे वजन थोडं वाढलं की तो कपडा कपाटात पडून राहतो. साधा सुती कपडा दहा वर्षं टिकावा असं वाटत असेल, तर त्याची सोय कापतानाच करावी लागते.

मग कातरी. इथे थांबत नाही मी. ज्या शंका होत्या त्या कागदावर आणि मांजरपाटावर फिटलेल्या असतात.

दुपारी ३.००

शिलाई. सगळ्यात आधी गळ्याच्या कच्च्या कडेलगत एक टीप मारली. गोल कड उरेब धाग्यात जाते आणि नुसत्या हाताळण्यानेही ताणते. ही टीप तिला धरून ठेवते. मग टक्स: रुंद बाजूकडून टोकाकडे शिवत जायचं, शेवटचे दोन-तीन टाके अगदी घडीच्या काठावर घ्यायचे आणि टोकाशी उलट टीप न मारता धाग्याची गाठ द्यायची. उलट टीप मारली की टोकाला गोळा येतो. टक्स खाली वळवून इस्त्री केली.

पाठीमागे मधली शिवण. वहीत तिथे टिच बटणं सांगितली आहेत. त्यांच्यामधून पाठ दिसते, म्हणून २२ इंचांची चेन घेतली. आधी धावदोऱ्याने बसवली, मग मशीनवर, दोन्ही बाजू खालून वर शिवून. एक बाजू खालून आणि दुसरी वरून शिवली तर कापड उलटसुलट सरकतं आणि चेन वाकडी होते.

खांदे जोडले. इस्त्री. गळ्याची पट्टी जोडली, बाकावर जवळजवळ कातरे दिले, माया पट्टीकडे वळवून पट्टीवर कडेलगत दुसरी टीप मारली. या टिपेमुळे पट्टी आत राहते, वर डोकावत नाही. मुंढ्यांना सव्वा इंचाच्या उरेब पट्ट्या, टोकं तिरकी जोडलेल्या, किंचित ओढून लावल्या. सैल लावली तर मुंढा लाटांसारखा उभा राहतो, फार ओढली तर आवळतो. हे बोटांना कळतं, आणि ते कळायला वर्षं लागतात.

मग खिसे कडेला जोडले आणि दोन्ही बाजूंच्या लांब शिवणी मारल्या, काखेपासून खिशाला वळसा घालून खालपर्यंत. इंचाला दहा टाके. प्रत्येक शिवणीनंतर उठून इस्त्री. बसल्या जागी सगळं शिवून शेवटी एकदाच इस्त्री फिरवली तर आडव्या शिवणीखाली अडकलेली उभी शिवण पुन्हा कधीच सपाट होत नाही. मशीनवर प्रत्यक्ष पाय हलला तो या साऱ्या दुपारचा लहानसा भाग. बाकीचा वेळ टाचण्या, कातरे आणि इस्त्रीचा.

साध्या कपड्याला इतकी काळजी का, असं मला विचारतात. झालर असती तर गळ्याची वाकडी टीप तिच्याखाली गेली असती. कमरेला पट्टा असता तर बाजूच्या शिवणीचा झोल त्यात गेला असता. या ड्रेसवर दोन टक्स, एक गळा, दोन मुंढे आणि दोन लांब रेघा आहेत, आणि बघणाऱ्याची नजर त्यांच्यावरच जाते. साधेपणाला काम जास्त लागतं आणि ते सगळं उघड्यावर राहतं.

संध्याकाळी ५.३०

कपडा हँगरला टांगून ठेवला होता. काही भाग उरेब धाग्यात जात असल्यामुळे कडेचा घेर स्वतःच्या वजनाने थोडा उतरतो. तो उतरल्यावरच खालची रेघ पक्की करायची. नातीला बोलावलं, तिच्या रोजच्या चपला घालायला लावल्या आणि जमिनीपासून गज उभा धरून फिरत फिरत खडूच्या खुणा केल्या. मागे डाव्या बाजूला एक सूत काढावं लागलं.

दुमडीच्या काठावर लांब टाक्यांची टीप मारून तिचा धागा हलकेच ओढला. बाकामुळे आलेलं जास्तीचं कापड त्यात सामावलं. इस्त्रीने सपाट केलं आणि मग हाताने दुमड शिवली. बोटात अंगुस्तान, सुईत एकेरी धागा, वरच्या कापडाचा एकच तंतू उचलायचा, टाका सैल ठेवायचा. ५६ इंचांचा घेर. या कामाला घाई चालत नाही, आणि मला ते आवडतंही. चेनच्या वर हूक आणि दोऱ्याचा आकडा केला. खांद्यांशी गळ्याची पट्टी दोन टाक्यांत मायेला अडकवली.

संध्याकाळी ७.००

तिने घातला. आरशात पुढून, बाजूने, मग पाठ वळवून मान मागे करून बघितलं. खिशात फोन टाकला. खुर्चीवर बसली, हात पुढे नेले; पाठ ताणली नाही. व्हिडिओ कॉलवर आजींना दाखवला. आजींनी आधी मुंढा जवळून दाखवायला सांगितला. मग म्हणाल्या, "आतून दाखव." शिवण उलटी करून माया दाखवली तेव्हा त्यांचं समाधान झालं.

ती कपडे बदलायला गेली तोवर मी खाकी कागदाचा नमुना पुरा केला. ट्रायलमधले सगळे बदल लाल पेन्सिलीने त्यावर उतरवले आणि प्रत्येक बदलाशेजारी कारण लिहिलं: 'टक्स पाऊण खाली, उंचवट्याप्रमाणे', 'पाठ पाव जास्त, संगणकाचं काम', 'उंचीतला पाऊण सोडला, कापड आधी भिजवलेलं', 'खिसे, ४४ पन्ह्याच्या उरलेल्या पट्टीतून'. तारीख आणि सगळी मापं घातली. नमुना तिलाच दिला. पुढच्या वर्षी तिची मापं बदलली, किंवा तिच्या बहिणीला असाच ड्रेस हवा झाला, तर जो कोणी शिवेल त्याला कुठला आकडा ठेवायचा आणि कुठला टाकायचा ते कळेल.

मग बिल. मी ते एका रकमेत लिहीत नाही. ड्राफ्ट, ट्रायल, कापणी, शिलाई, हातकाम अशा पाच ओळी असतात आणि प्रत्येकीसमोर तिची मजुरी. तिने वाचलं आणि विचारलं, "शिलाईपेक्षा ड्राफ्ट आणि ट्रायल जास्त?" सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत काय चाललं होतं ते तिने स्वतः पाहिलं होतं, त्यामुळे फार समजावावं लागलं नाही. याच नमुन्यावरून पुढचा ड्रेस शिवायचा झाला तर पहिली ओळ नसेल, दुसरी निम्मी होईल.

घरी शिवणाऱ्या बायका मजुरी ठरवताना मशीन चाललं तेवढाच वेळ मोजतात आणि गिऱ्हाईकही तेवढाच बघतं. मग माप घेणं, गणित मांडणं, मांजरपाटावर अंग वाचणं हे सगळं फुकटात जातं, आणि एकदा फुकटात गेलं की घाईत उरकलं जातं. कपडा बसतो तो त्याच कामामुळे. तो वेळ बिलात स्वतंत्र दिसला पाहिजे, आणि शिवणाऱ्या प्रत्येकीने त्याचे पैसे मागितले पाहिजेत.